बादलीत कालवलं की पंचगंगेत उतरतं

आखाडातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास टिपरचं, म्हणजे कचरागाडीचं, गाणं ऐकू आलं, तशी मी बादली घेऊन बोळाच्या तोंडाशी गेले. टिपरवरच्या मावशींनी बादली हातात घेतली, आत बघितलं आणि म्हणाल्या, “बाई, ओलं-सुकं सगळं एकातच कालवलासा की ओ. ह्यातनं आता काय निवडायचं आमी?” तरी त्यांनी हात घालून दुधाच्या दोन पिशव्या उपसल्या आणि गाडीला बांधलेल्या पोत्यात टाकल्या. पिशव्यांवरून आदल्या रात्रीचा रस्सा निथळत होता. हातात मोजे नव्हते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ओला कचरा, सुका कचरा हा धडा कितीतरी वेळा फळ्यावर लिहिला असेल. पण त्या दिवशी मावशींच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातानं मला जे समजलं, ते त्या धड्यात नव्हतं. त्या बादलीत काय होतं ते अजून आठवतं: मटणाची हाडं, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, मिठाईचा पुठ्ठ्याचा बॉक्स, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि टीव्हीच्या रिमोटमधले दोन संपलेले सेल.

यातली एकेक वस्तू वेगळी होती तोवर कामाची होती, किंवा निदान निरुपद्रवी होती. टरफलांची माती झाली असती. पिशव्या आणि पुठ्ठा भंगारवाल्यानं पैसे देऊन नेला असता. सेल डब्यात पडून राहिले असते. एका बादलीत आल्यावर ओल्यानं सुकं नासवलं, सुक्यानं ओल्याची हवा कोंडली आणि सेलनं दोन्हींत विष कालवलं. घरातल्या कचऱ्यानं पर्यावरणाचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं ओट्याखालच्या त्या बादलीत ठरून जातं. ते कसं, हे ज्या क्रमानं मला उमगत गेलं त्याच क्रमानं सांगते.

आधी ढिगाकडे जाऊ. कोल्हापूरचा कचरा वर्षानुवर्षं कसबा बावड्यातल्या ‘झूम’ या कचरा डेपोवर जात आला. गावाकडचा उकिरडा आणि शहरातला हा ढीग लांबून सारखेच दिसतात, पण आत चालतं ते अगदी वेगळं. उकिरड्यात शेण, पालापाचोळा, राख. तो अधूनमधून उलथला जातो, त्यात हवा खेळते, आणि हवेवर जगणारे जिवाणू त्याचं काळंभोर खत करतात. शहरातल्या ढिगात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे थरावर थर बसतात आणि वरून रोज नवं वजन पडतं. हात-दोन हात खाली गेलं की हवा संपते. तिथं दुसऱ्याच जातीचे जिवाणू काम सुरू करतात, ज्यांना हवा चालतच नाही. ते ओल्या कचऱ्यापासून मिथेन वायू तयार करतात.

गोबरगॅसच्या टाकीत हेच होतं. फरक एवढाच की टाकीतला वायू आपण शेगडीला जोडतो आणि ढिगातला वायू आभाळात जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेनचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ किलोंइतकी उष्णता वातावरणात अडकवून ठेवतो. ढिगातल्या आगींमागेही हाच वायू असतो. उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली की वरची आग विझवता येते, पण आतली दिवसच्या दिवस धुमसत राहते. आणि तिथं जळत असतं ते मुख्यतः प्लॅस्टिक.

आता त्या दोन सेलकडे या. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट घालायचं नाही, हा घराघरातला नियम होता. कारण आंबट पदार्थ धातू खातो. ढिगाच्या पोटात ओला कचरा कुजायला लागला की पहिल्या टप्प्यात आम्लं तयार होतात. म्हणजे अख्खा ढीग आंबतो. मग त्यात पडलेले सेल, मोबाइलच्या तुटक्या सर्किट पट्ट्या, रंगांचे डबे, सगळं कळकायला लागतं. त्यातले धातू विरघळून ढिगातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यात उतरतात. पावसाळ्यात हे पाणी वाढतं, जमिनीत मुरतं आणि उताराला लागतं. सुक्या डब्यात ठेवलेला सेल बराच काळ तसाच पडून राहिला असता. त्याला रश्श्याची आणि सालींची संगत मिळाली म्हणून तो विरघळला. ओलं वेगळं का काढायचं, याचं याहून सोपं कारण मला सापडलेलं नाही.

उतार कुठं जातो? पंचगंगेकडे. पण नदीचं म्हणणं समजायला आधी एक आकडा लक्षात ठेवावा लागेल. माशांना श्वास घ्यायला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो, आणि तो फार थोडा असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात, आपल्याकडच्या हवेत, जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम. तो ४ च्या खाली गेला की मासे तडफडायला लागतात. पाण्यात कुजणारी कुठलीही वस्तू पडली, मग तो भात असो, निर्माल्य असो की मैला, की जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि ती खाताना हाच प्राणवायू वापरून टाकतात. एखादं पाणी असा किती प्राणवायू मागेल, याच्या मापाला बीओडी म्हणतात. आंघोळीला योग्य नदीत तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा, असं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मानक सांगतं. घराच्या सांडपाण्यात तो साधारण २०० ते ३०० असतो.

वर्गात मी याला दुधाचं उदाहरण देते, कारण दूध म्हटलं की कोल्हापूरची पोरं कान टवकारतात. दुधात वाईट असं काहीच नाही. पण दुधाचा बीओडी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे एक लिटर नासकं दूध गटारीत ओतलं, तर बारा-साडेबारा हजार लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकायची ताकद त्यात असते. एका मोठ्या टँकरभर पाणी. हे सांगितलं त्या दिवशी एका पोरीनं विचारलं, “बाई, मग उष्टा रस्सा?” तोही तसाच. तेल-तिखटाचा कट मोरीत ओतला की तो नाहीसा होत नाही. मोरीतून गटारीत, गटारीतून जयंती नाल्यात आणि तिथून नदीकडे जातो. जयंतीला जुनी माणसं अजून नदीच म्हणतात.

नाल्याचं पाणी अडवून, उपसून शुद्ध करायची सोय शहरात आहे. कसबा बावड्यातलं केंद्र रोज ७६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करू शकेल इतकं मोठं आहे. पण असं केंद्र कुठंही असो, त्याच्या तोंडाशी पिशव्या आणि चिंध्या येऊन अडकल्या की पंप तुंबतात. आणि जोराचा पाऊस आला की नाला बंधाऱ्यावरून उडी मारून सरळ नदीत जातो. सोबत काठावर टाकलेला सगळा कचराही जातो. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना पाणी उतरल्यावरची झाडं आठवत असतील. माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, बाभळीच्या काट्यांना लोंबणाऱ्या पिशव्या. नदीनं आपलंच आपल्याला परत दिलं होतं.

एक गोष्ट मला सतत टोचते. आपण कोल्हापूरकर पिण्याचं पाणी शहराच्या वरच्या अंगाला शिंगणापूर-बालिंग्याकडून उचलत आलो, आणि २०२३ पासून थेट काळम्मावाडी धरणातूनही घेतो. आपली घाण मात्र शहराच्या खालच्या अंगाला नदीत उतरते. पुढच्या गावांना, इचलकरंजीला, शिरोळ तालुक्याला आपण वापरून टाकलेली नदी मिळते. त्यात वाटेवरच्या कारखान्यांचीही भर पडते, हे खरं. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली होती! सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की पसरणारी ती काविळ. त्या साथीत माणसं गेली. नदीकाठच्या शेजाऱ्यांशी आपण असं वागतो आहोत, हे आपण एकमेकांना स्पष्ट सांगायला हवं.

आणि याच गावाला बदलता येतं, हेही तितकंच खरं. गणपती पंचगंगेत सोडायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण मोठ्या मूर्ती इराणी खणीकडे, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीकडे, वळल्या, घरगुती गणपतींसाठी गल्लोगल्ली काहिली ठेवल्या गेल्या, निर्माल्य वेगळं घ्यायला लोक उभे राहिले. ज्या काहिलीत गुऱ्हाळावर रस उकळतो, तसल्याच काहिलीत बाप्पाला निरोप द्यायला पहिल्यांदा आमच्या सासूबाईंचा जीव धजला नव्हता. आता त्या स्वतःच शेजारणींना घेऊन जातात.

रंकाळ्याबद्दल थोडक्यात. तळ्यात जाणाऱ्या सांडपाण्यात मैला असतो तसंच साबण-सोड्यातलं फॉस्फेटही असतं. फॉस्फेट आणि नायट्रोजन म्हणजे शेतातलं खतच. तळ्याला खत मिळालं की शेवाळ आणि केंदाळ माजतं. ते मेलं की कुजतं, आणि कुजताना पुन्हा तोच प्राणवायूचा हिशेब.

आता बंबाविषयी बोलते, कारण हे आपल्या भागातलं खास दुखणं आहे. न्हाणीत तांब्याचा बंब, त्यात जळण म्हणून चिपाडं, शेणी, लाकडाच्या ढलप्या. यात वाईट काही नव्हतं. हळूहळू त्यात कुरकुऱ्यांची पाकिटं, फाटक्या चपला, वायरींची वेटोळी, तेलाच्या पिशव्या जायला लागल्या. कचरा संपतो आणि पाणीही तापतं, दोन्ही कामं होतात, असं वाटतं. पण चपला, रेक्झिन, वायरीवरचं आवरण यांत बऱ्याचदा पीव्हीसी असतं, आणि पीव्हीसीत क्लोरीन असतो. क्लोरीन असलेली वस्तू मंद, धुरकट आगीत जळली, की साधारण २०० ते ४५० अंशांच्या टापूत डायऑक्सिन नावाची अतिशय विषारी संयुगं तयार होतात. ती नष्ट करायला ८५० अंशांहून जास्त उष्णता लागते, आणि धूर त्या उष्णतेत काही सेकंद राहावा लागतो. त्यासाठी बांधलेल्या भट्टीतच हे जमतं. बंबात आणि कचऱ्याच्या कोंडाळ्याशेजारी पेटवलेल्या ढिगात जमत नाही.

डायऑक्सिन हवेतून फार श्वासात जातं असं नाही. ते राखेसोबत खाली बसतं, गवतावर, वैरणीवर. जनावर ते खातं आणि ते जनावराच्या चरबीत साठतं. चरबी दुधात उतरते. माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायऑक्सिनपैकी ९० टक्क्यांहून जास्त अन्नातून जातं, मुख्यतः मांस, दूध आणि मासे यांतून, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धारोष्ण दुधासाठी कट्ट्यावर म्हशी उभ्या करणारं आपलं गाव. बंबात घातलेली चप्पल दुधाच्या पेल्यापर्यंत येऊ शकते, हे मला कळलं त्या दिवसापासून आमच्या बंबात लाकूड आणि शेणीशिवाय काही गेलेलं नाही.

मग प्लॅस्टिकचं करायचं काय? पुनर्वापराबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, ‘सगळ्याचं होतं’. दुसरं, ‘कशाचंच होत नाही’. दोन्ही चूक. भंगारवाला जे विकत घेतो त्याचं होतं, इतकं साधं माप मी धरते.

वर्गात मी एक प्रयोग करते. घमेल्यात पाणी घ्यायचं. पाण्याच्या बाटलीचे कात्रीनं लहान तुकडे करायचे, तिच्या झाकणाचेही करायचे, आणि सगळे घमेल्यात टाकून हातानं दाबायचे. बाटलीचे तुकडे तळाशी जातात, झाकणाचे वर तरंगतात. पोरं दरवेळी चकित होतात, कारण त्यांच्या लेखी दोन्ही ‘प्लॅस्टिक’च. बाटली पेट नावाच्या प्लॅस्टिकची, ती पाण्यापेक्षा जड. झाकण दुसऱ्या जातीचं, ते हलकं. कारखान्यातही दळलेलं प्लॅस्टिक पाण्याच्या टाकीत सोडून असंच वेगळं करतात. कारण दोन जाती एकत्र वितळल्या तर धड एकही माल तयार होत नाही. शेंगतेल आणि पाणी एकत्र ओतल्यासारखं होतं. पेटचा पुढं धागा निघतो आणि त्याचं कापड होतं. जाड डबे-कॅनच्या बादल्या होतात, दुधाच्या पिशव्यांचे पाइप आणि प्लॅस्टिकचे जाड कागद होतात. मात्र दरवेळी माल थोडा उतरतो, हे लक्षात ठेवायला हवं. कागदाचंही तसंच, पाच-सात वेळा लगदा झाला की धागे आखूड पडतात. काच आणि धातूंना ही अडचण नाही, ते कितीही वेळा वितळवा. भंगारातून ॲल्युमिनियम करायला खनिजातून करण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के वीज कमी लागते, म्हणून पातेलं भंगारात देताना भाव बरा येतो.

चकचकीत पाकिटांचं मात्र खरंच अवघड आहे. वेफर्सचं पाकीट आतून चंदेरी असतं. त्यात प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सोडवायचं कुणालाही परवडत नाही. भंगारवाला त्याला हात लावत नाही तो याच कारणानं. तेल सांडलेला पुठ्ठा, आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असलेले चहाचे कागदी कप यांचंही तेच. महाराष्ट्रात २०१८ साली आणि देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली, ती असल्याच टाकाऊ मालासाठी. ही पाकिटं मात्र त्या बंदीतून सुटली. त्यांच्यावर मला एकच उपाय दिसतो, आणि तो म्हणजे ती घरात कमी आणणं. वाण्याकडून शेंगदाणे कापडी पिशवीत घेतले की तेवढीच कमी होतात.

दुधाच्या पिशवीची एक बारीक गोष्ट सांगते. पिशवीचा कोपरा आपण कात्रीनं पूर्ण कापून टाकतो. तो नखाएवढा त्रिकोण कुणीही वेचत नाही. पोत्यातून गळतो, टिपरमधून उडतो, गटारीत जातो. कोपरा अर्धवट कापून पिशवीलाच लटकता ठेवला, की तो पिशवीबरोबर भंगारात जातो. आमच्या घरी रोज दोन पिशव्या येतात. वर्षाचे सातशेहून जास्त त्रिकोण होतात.

‘आम्ही वेगळं करून देऊ, पण पुढं गाडीत सगळं एकच होतंय’ हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत ऐकते, आणि कुठल्या ना कुठल्या शहरात ते खरंही असतं. केंद्राच्या नियमांप्रमाणे ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा देणं ही प्रत्येक घराची जबाबदारी आहे, आणि तो वेगळाच नेणं ही नेणाऱ्याची. त्याचा आग्रह धरत राहायचाच. पण यावर माझं उत्तर सरळ आहे: ओलं घराबाहेर जाऊच द्यायचं नाही. घरच्या कचऱ्यात वजनानं निम्म्याहून जास्त ओलंच असतं. ते घरीच जिरलं तर उरलेलं सुकं पुढं कुणी कितीही कालवलं, तरी नासत नाही.

आमच्या गच्चीवर दोन जुन्या प्लॅस्टिकच्या बादल्या आहेत, बुडाला आणि कडेनं भोकं पाडलेल्या. पहिल्यांदा मी चुकले. नुसत्या साली आणि उरलेलं अन्न घालत गेले. आठ दिवसांत वास सुटला, अळ्या झाल्या, आणि शेजारच्या आक्कांनी भिंतीवरून विचारलं, “काय मेलंय गं तिकडं?” चूक कुठं झाली ते नंतर कळलं. साली, भात, चहाचा चोथा यांत नायट्रोजन जास्त आणि पाणी जास्त. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनला साधारण तीस भाग कार्बन लागतो, आणि तो सुक्या पाचोळ्यात असतो. आपल्याकडे त्याची काय वानवा! उसाचं पाचट. शेतात जाळून टाकतात ते. मावसभावाच्या शेतातून एक पोतं आणलं, हातानं चुरगाळलं. मूठभर ओल्यावर दीड-दोन मुठी पाचट, असा थर द्यायला लागले आणि चार दिवसांनी काठीनं हलवायला लागले. वास तिसऱ्या दिवशीच गेला.

ओल किती हवी ते हातानं बघायचं. मिश्रण मुठीत घट्ट दाबलं की बोटांच्या फटीतून एखादा थेंब यावा. धार लागली तर पाचट घालायचं, मूठ उघडल्यावर भुगा पडला तर पाणी शिंपडायचं. जुळून आलं की बादलीत हात घातल्यावर आत ऊब लागते. ते जिवाणूंचं काम. दीड-दोन महिन्यांत भरलेली बादली खाली बसते आणि पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येतो. रस्सा, तेल आणि हाडं मी यात घालत नाही. हाडं वेगळ्या डब्यात टिपरला देते. उरलेला कट आता मोरीत जात नाही, कागदानं पुसून घेते आणि मग भांडं घासते.

सेल, गेलेले बल्ब, जुनी औषधं यांसाठी कपाटावर एक बरणी आहे. ती भरायला वर्ष लागतं. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून, वर लाल पेननं मोठी खूण करून वेगळे द्यायचे. पुढं ती पुडी एखाद्या बाईच्या हातात जाणार असते आणि आत काय आहे ते उघडायच्या आधी तिला कळलं पाहिजे.

परवा टिपर आला तेव्हा मी दुधाच्या पिशव्यांची जुडी दिली. धुऊन, दोरीवर वाळवून, रबर लावलेली. मावशींनी ती उलटीपालटी करून बघितली, नाकाजवळ नेली. “धुतल्यासा व्हय बाई?” म्हणाल्या. “घाण पिशवीला भंगारात कोण विचारत न्हाई. असल्या दिलासा तर किलोला दर चांगला येतोय बघा.” आणि जुडी पोत्यात न टाकता त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवली.